दोन यंत्रं आणि वसुधाचा डावा डोळा

बातमी आली तेव्हा मी पनवेलच्या आमच्या दवाखान्यात एका पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालत होते. फोनवर वसुधाचे यजमान होते. "गेली," एवढंच म्हणाले. मी बाटलीचं झाकण लावलं, पेशंटला डोळे मिटून बसायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले... धक्का बसायला हवा होता. पण तो काही महिन्यांपूर्वीच बसून गेला होता, शेजारच्या अंधाऱ्या खोलीत.

डॉ. वसुधा आणि मी, दोघी मिळून हा दवाखाना चालवायचो. मोतीबिंदू काढला की डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात; ते किती नंबरचं, हे डोळ्याच्या लांबीवरून ठरतं. मोजण्यात अर्धा मिलिमीटर चुकला तरी माणसाच्या नाकावर पुन्हा चष्मा येतो. आमच्याकडे आधी ध्वनिलहरींचं यंत्र होतं. डोळा बधिर करून यंत्राची पेन्सिलीसारखी दांडी बुबुळावर टेकवायची. नंतर प्रकाशाने मोजणारं नवं आलं, डोळ्याला स्पर्शही न करणारं. विक्रेता म्हणाला, आता जुनं काढून टाका. वसुधाने ऐकलं नाही. प्रत्येक डोळा दोन्हींवर मोजायचा आणि फरक आलाच तर तो का आला याचा छडा लावायचा, हा तिचा हट्ट. जुन्याने माप आखूड दाखवलं की "दांडी दाबली गेली" म्हणायची नि पुन्हा मोजायची. ओवे गावच्या एका आजींचा मोतीबिंदू इतका पिकलेला की नव्या यंत्राचा प्रकाश आत शिरेना. आजी म्हणाल्या, "एवरी मोठी मशीन, आन तिला पन माज्यासारखा काय दिसत नाय?" वसुधा खळखळून हसली आणि मग तिला खोकल्याची उबळ आली. तो खोकला बरेच दिवस होता. ती राहायची उलव्याला, घराच्या चहूबाजूंनी बांधकामं. "धूळ गं," म्हणायची. आम्हीही धूळच म्हणत राहिलो.

तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसू लागलं. मोतीबिंदूची सुरुवात होतीच. "नीला, तूच कर माझं ऑपरेशन," म्हणून ती हौसेने नव्या यंत्रासमोर बसली. डावा डोळा उजव्यापेक्षा चांगलाच आखूड आला. यंत्र नवं आलं तेव्हा आम्ही गंमत म्हणून एकमेकींचे डोळे मोजले होते; तेव्हा तिचे दोन्ही सारखे होते. "बघ, तुझं लाडकं यंत्र बिघडलं," मी म्हणाले. तिने जुन्यावर मोजायला लावलं. हलक्या हाताने मोजलं, पुन्हा मोजलं. तेच माप... दोन्ही यंत्रांचं एकमत झालं होतं आणि वसुधाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"मोठ्या माणसाचा डोळा आखूड होत नाही," ती सावकाश म्हणाली. "मागून काहीतरी डोळ्याचा आतला पडदा पुढे ढकलतंय. थेंब घाल. बघ."

मी थेंब घातले आणि बाहुली मोठी होईपर्यंत थांबले. मग मी आत पाहिलं. पडद्याखाली पिवळट उंचवटा होता.

"किती मोठा?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने मान हलवली. "हा इथला नाही. दुसरीकडून आलाय."

छातीचा स्कॅन झाला. खोकला धुळीचा नव्हता, फुफ्फुसातल्या गाठीचा होता.

त्या दिवसापासून तिने शस्त्राला हात लावला नाही. ओव्याच्या आजींचं ऑपरेशन मात्र तिने स्वतः ठरवलं होतं. ते मी केलं तेव्हा ती शेजारी बसून होती, उजव्या डोळ्याने पाहत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आजींनी आधी स्वतःचे हात पाहिले, मग वसुधाकडे पाहून म्हणाल्या, "बाय, तू किती वालली गं!" आम्ही सगळे रोज तिला पाहत होतो, पण हे कोणी बोललं नव्हतं. वसुधा म्हणाली, "आजी, तुमचं भिंग अगदी बरोबर बसलंय."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

आता मला हायवेवरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. या वयात मोतीबिंदूच असणार, दुसरं काय? दवाखान्यातल्या मदतनीस मुली रोज म्हणतात, "मॅडम, एकदा मोजून घेऊ." मी उद्यावर ढकलते. काल पेशंट संपल्यावर शेवटी त्या अंधाऱ्या खोलीत गेले. स्टुलावर बसले, हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. समोर लाल ठिपका होता. यंत्रापलीकडून एका मुलीने विचारलं, "सुरू करू?"

मी ठिपक्याकडे पाहत राहिले... माझाही डोळा आखूड आला तर?