पान हललंच पाहिजे

माझं काम आईला समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप. "वेबसाइट बनवतीस म्हंजे नेमकं करतीस काय?" मी म्हणायची, "फोनवर पान उघडलं की डोळ्यांना जे दिसतं ते सगळं मी करते. रंग, अक्षरं, बटणं, कुठं दाबलं की काय उघडायचं." त्यावर तिचं ठरलेलं, "म्हंजे रंगरंगोटीच की! त्यापरीस अजून एक डाव डॉक्टरकीची परीक्षा दे."

लातूरच्या क्लासमध्ये घासून घासून त्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. पुन्हा त्या बाकावर मला बसायचं नव्हतं. शेवटी आमचा तह झाला. माझं एक काम आई स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. पटलं तर परीक्षेचं नाव काढायचं नाही. नाही पटलं तर जूनपासून परत क्लास.

नेमकं तेव्हाच नांदेडच्या एका क्लासवाल्या सरांनी लातुरात शाखा काढली आणि त्यांची वेबसाइट माझ्याकडं आली. नशीब बघा, क्लासमध्ये आपटलेली पोरगी क्लासचंच तोंड रंगवणार! मी जीव लावून काम केलं. खेड्यातल्या आईबापांच्या साध्या फोनवरसुद्धा सुटसुटीत दिसेल असं शांत, देखणं पान. सर बघून म्हणाले, "मॅडम, हे तर झोपून राहिलं ना! हलवा की जरा." मी प्रवेशाचं बटण हलवलं. "अजून." टॉपर पोरांचे फोटो हलवले. "अजून! अख्खं पान हललं पाहिजे. आणि आवाज टाका, ढगासारखा, घुर्रर्र!"

म्हटलं, "सर, इकडच्या लोकांना असलं हलणारं दाखवू नका. किल्लारीकडचे पालक येणार हायत."

"लई वर्षं झाली त्या भूकंपाला मॅडम. तुम्ही उगाच भिऊन राहिल्या."

माझं टाळकं सटकलं. अख्खं पान हलवायला दोन ओळी पुरतात, मी चार लिहिल्या. घ्या म्हटलं, हलवा पोटभर!

आमचं घर भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात. फळीवर आईनं एक तांब्या उपडा ठेवलेला, त्याच्या बुडावर स्टीलचा पेला. जमीन हलली की पेला वाजतो, आणि पेला वाजला की आधी अंगणात पळायचं, विचार मागाहून करायचा. माझा जन्म भूकंपानंतरचा, तरी हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आमच्या मांजरीलाही ते कळलं होतं. ती पेला पाडायची, आम्ही अंगणात जायचो, ती दुधावर. भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल मात्र आई कधी अवाक्षर बोलली नाही.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. आई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेली. टेबलावर भलामोठा स्पीकर, आणि कुणा शहाण्यानं त्याला खेटूनच पाण्याचे स्टीलचे पेले एकावर एक रचलेले. सरांनी माइकवरून, "तर बघा आमची वेबसाइट," म्हणत बटण दाबलं. भिंतभर पान थरथरलं, स्पीकर घुरघुरला आणि पेले खणखण वाजायला लागले.

आई ताडकन उठली. "भाईर व्हा! भाईर!" माझं मनगट धरून ती दाराकडं निघाली आणि तिच्यामागं अख्खा हॉल उठला. रेटारेटी नाही, ओरडाआरडा नाही. दाराजवळच्यांनी दारं धरून ठेवली, लेकरं ज्याला दिसली त्यानं उचलली. पोरं बोंबलत होती, "अरे, ते नुसतं पडद्यावर हाय!" ऐकतंय कोण! आम्ही दारात पोचलो तेव्हा आमच्या पुढं एकच माणूस होता. सर. हातात माइक तसाच.

रस्त्यावर उन्हात उभं राहून लोक आधी एकमेकांकडं बघत राहिले, मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच सुटले. दोन-चार जणांनी सरांचा यथेच्छ उद्धार केला. "मॅडम, काढा ते," सर रडकुंडीला येऊन म्हणाले. कुणाच्या तरी स्कूटीच्या सीटवर लॅपटॉप ठेवून मी एका हातानं चारही ओळी खोडल्या. दुसरा हात आईनं सोडलेलाच नव्हता. मला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. संपलं, म्हटलं. जूनपासून क्लास.

"हे तू केलंस?" आईनं विचारलं.

"हाव."

ती रस्त्यावरच्या गर्दीकडं बघत होती. "समदे भाईर आले?"

"समदे."

"आत कुणी न्हाई ऱ्हायलं?"

"कुणीच न्हाई, आई."

मग तिनं माझं मनगट सोडलं. त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

"त्या पहाटी आमच्या घरातनं मी एकलीच भाईर आले हुते," ती म्हणाली. "नगं देऊस ती परीक्षा."