मस्कतच्या थंडीत खलास

मस्कतमध्ये थंडी वाजते असं फोनवर सांगितलं की पुण्याचे नातेवाईक खो खो हसतात. हसा लेको. जानेवारीत ओल्या अंगाने उघड्या बोटीत बसा, वर बोचरा वारा घ्या, आणि मग हसून दाखवा.

तर आम्हाला वॉटर स्कीइंगचं वेड लागलं होतं. म्हणजे वेड नवऱ्याला, बुडायचं काम माझ्याकडे. तो पाण्यात उतरायचा नाही, अभ्यास करायचा. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याने थंडीचं शास्त्र रचलं होतं: वेटसूटच्या आत सुती काही घालायचं नाही, पाण्यातून वर आल्याबरोबर विंडचीटर, डोक्यावर टोपी, आणि उडी मारण्याआधी थर्मासमधलं कोमट पाणी गळ्यातून सूटमध्ये ओतायचं. हे शेवटचं मात्र खरंच झकास. लहानपणी अंथरूण ओलं केल्यावर पहिलं मिनिटभर जी ऊब मिळायची, तीच.

त्या शुक्रवारी आईलाही नेलं. बाबा गेल्यावर तिला मी इथे मस्कतला, कुरुम भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं होतं, आणि तेव्हापासून ती गप्प होती. रडली नाही, चिडली नाही. माझी आई! जिने अख्ख्या सोसायटीला धारेवर धरलं, ती आता "बरं" आणि "चालेल" एवढंच बोलायची. मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. निमूट जेवली. तिला पुन्हा एकदा कुणाशी तरी कडाकडा भांडताना ऐकायचं, बाकी मला काही नको होतं.

नवऱ्याने तिला स्वेटर, शाल, लाइफ जॅकेट आणि वर कानटोपी चढवली. "चालेल," आई म्हणाली. बोटवाला म्हातारा ओमानी होता, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. मी सूटमध्ये कोमट पाणी ओतून घेतलं, पायांत स्की अडकवून समुद्रात उतरले, बोटीला बांधलेली दोरी धरली. "यल्ला, चलो!" बोटवाला ओरडला. बोट सुटली आणि मी उभी राहिले. खरंच, आयुष्यात पहिल्यांदा! त्या आनंदात नवऱ्याला हात करायला गेले आणि थोबाडावर आपटले. निम्मा समुद्र नाकात, उरलेला सूटमध्ये. पुरे झालं म्हणून मी हात वर केला.

लाटांमुळे आईला मी दिसत नव्हते. बोटवाल्याला दिसले. त्याने इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाला, "खलास."

इथे हा शब्द उठता-बसता ऐकू येतो. झालं, संपलं, पुरे. पण आईच्या मराठीत माणूस खलास झाला म्हणजे गेला.

"खलास? कोण खलास?" इंजिन बंद होतं, पाण्यात मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "मेल्या, माझी पोर पाण्यात पडलीय आणि खलास म्हणतोस? कुणी दिली रे तुझ्या हातात बोट? ओढ तिला वर! आणि जावईबापू, तुम्ही फोटो काय काढताय?"

"अम्मा, खलास, खलास!" बिचारा तिला शांत करू बघत होता. तिने कानटोपी काढून त्याच्या पाठीत हाणली.

मला शिडीवरून वर घेतलं तेव्हा मी कुडकुडत होते आणि हसतही होते. "दात काय काढतेस, कार्टे? हे वय आहे का असले धंदे करायचं?" म्हणत आईने शालीने माझं डोकं खसाखसा पुसायला घेतलं, सालटं निघतील इतक्या जोरात. नवऱ्याने तिला खलासचा इथला अर्थ समजावला. तिचे हात थांबले.

"तुझ्या बाबांच्या वेळी तो डॉक्टर बाहेर येऊन इंग्रजीत काहीतरी बोलला," ती म्हणाली. "मला वाटलं, आता बरे आहेत म्हणतोय. मी त्याला थँक्यू म्हटलं गं."

आणि मग ती रडली. बोटवाल्यासमोर, जावयासमोर, भोकाड पसरून. मी ओल्या वेटसूटनिशी तिला मिठी मारली.

"लांब हो, भिजवतेस मला," ती ओरडली, आणि सोडलं मात्र नाही.