धुऊन नेलेले पाय

परवा गुरुवारी आमच्या मंडळीत पाय धुण्याची उपासना झाली. तेव्हापासून मान वर करवत नाही... म्हणून लिहितोय. शाळा सातवीपर्यंतच झाली, चुकलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून आमचे पाळक साहेब दरवर्षी बारा जणांना पुढे खुर्च्यांवर बसवतात, आणि स्वतः खाली बसून त्यांचे पाय धुतात.

इथे परराज्यात, यशवंतपूरला एका दुकानाच्या वर भाड्याचा हॉल आहे, तिथे आम्ही मराठी माणसं जमतो. जे. पी. नगरहून गाडीने येणारे सॉफ्टवेअरवाले असतात आणि आम्ही कारखान्यांच्या युनिटवालेही असतो. या वर्षी त्या बारा जणांत माझं नाव आलं. आनंद झाला... आणि लगेच घाम फुटला. कारण माझे पाय.

मी पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये धुलाईला आहे. एका जागी टिकणारा माणूस नाही मी, पण या कामावर कसाबसा टिकलोय. रंगाची पावडर चढवण्याआधी लोखंडी माल केमिकलच्या टाकीत बुडवून साफ करायचा. दिवसभर पाय गमबुटात आणि गमबुटात पाणी. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघालीय, वास येतो तो वेगळाच. हे कुणालाच दाखवलेलं नाही. जालन्याला आईला व्हिडिओ कॉल लावतो तोही छातीपर्यंतच...

मग काय, हाफ डे टाकला. दगडाने घासलं, ब्रशने घासलं, डोळ्यांत पाणी आलं तरी घासलं. नखं काढली, बोटांत टाल्कम पावडर भरली, नवे मोजे चढवले. पाय धुऊन घ्यायला मी पाय धुऊन निघालो... आणि यात काही चुकतंय हे डोक्यातही आलं नाही.

माझ्या रूमवर याकोब अण्णा असतात. निपाणीकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे, मार्केट यार्डात बटाट्याची पोती उचलतात. या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा यांनीच जागा दिली. त्यांचंही नाव बारांत होतं. ते थेट कामावरून आले. चपला काढल्या तर घोट्यापर्यंत माती, टाचांच्या भेगांत काळं... आणि बसले नेमके माझ्या शेजारी.

माझ्या दुसऱ्या बाजूला जे. पी. नगरचे एक सर होते. त्यांनी अण्णांच्या पायांकडे पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. पण मी माझी खुर्ची सरांच्या बाजूला सरकवली. हो, सरकवली. आणि मग अण्णांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "अण्णा, जरा पाय तरी धुऊन यायचं ना. खाली नळ आहे."

अण्णांना राग आला नाही. म्हणाले, "हितं धुत्यात म्हणूनच आलोय की रे."

सरांना हसू आलं. चांगलंच हसले, पण अण्णांना नाही, अण्णांच्या बाजूने... मी आपला खाली बघत बसलो.

पाळक साहेब अण्णांपुढे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. टाचेची एकेक भेग अंगठ्याने चोळून काढली. टबातलं पाणी चहासारखं झालं. अण्णा डोळे मिटून बसले होते, न्हाऊ घालताना पोर बसतं तसे.

पाणी बदललं आणि माझी पाळी आली. मोजे काढले. पाणी पडताच बोटांतून टाल्कमचा पांढरा लगदा वर आला. साहेबांनी बोटं हळूच फाकवली... आणि त्यांचा हात थांबला. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "दुखतंय का रे?"

मी म्हणालो, "नाही साहेब." आणि पाय मागे ओढला.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग रुमालाने नुसतं टिपलं आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले. संपलं.

त्या रात्री येशूच्या एका शिष्याने, पेत्रानेही, आधी पाय मागे घेतला होता. पण तो निदान मोठ्याने भांडला तरी, आणि मग पाय पुढे केला. मी मात्र सोज्वळ तोंड करून खोटं बोललो... तेही कुठे, तर जिथे देव माझ्यापुढे खाली बसतो तिथे.

आमच्या युनिटमध्ये माल स्वच्छ नसेल तर पावडर धरत नाही, तपासणीत रिजेक्ट होतो. इतकी वर्षं मी देवालाही तसाच समजत आलो. टेबलामागे बसून माल तपासणारा, डाग दिसला की बाजूला टाकणारा. तो तर आमच्या धुलाई खात्यातलाच निघाला... हात पाण्यात घालून बसलेला. आणि मी त्याच्यासाठी कामच शिल्लक ठेवलं नव्हतं. अण्णांनी ठेवलं होतं.

परतताना रस्त्यात अण्णांना म्हटलं, खुर्ची सरकवली ते चुकलं माझं. ते म्हणाले, मला कळलंच नाही. कळलं होतं, मला माहीत आहे. मग कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "अण्णा, पाय फार दुखतात हो."

"ठाऊक हाय. झोपेत कण्हतोस की," म्हणाले. "तू सांगशील म्हणून गप बसलो. स्वल्प थांब हितं." आणि समोरच्या मेडिकलमध्ये शिरले.

मी फुटपाथवर उभा होतो. डोळे पुसत होतो, लोक बघत होते...

उद्या ईस्टर. उपासनेआधी पाळक साहेबांना एकट्याला गाठायचंय आणि सांगायचंय की मी परवा खोटं बोललो. अजून हिंमत होत नाही, खरंच लाज वाटते. पण प्रभू, तू एवढा खाली बसलास आणि मी पाय ओढल्यावरही रागावला नाहीस... तुझे उपकार.