एक जेसीबी, दोन हार

देवांगणाबाई फुलवाली नसती, तर मी आज सांगोल्याला परत जाऊन डाळिंबाच्या बागेत फवारणी करत असतो आणि माझ्या मालकाची मशीन पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली असती. म्हणून तिचं नाव आधी घेतलं. आता काय झालं ते सांगतो.

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या चौकात मी जेसीबीच्या केबिनमध्ये घाम पुसत बसलो होतो. एका बाजूने आमदारांची फेरी आली होती, दुसऱ्या बाजूने त्यांच्या विरोधकांची. मध्ये मी, रस्त्यात आडवा. दोन्हीकडचे डीजे एकदमच वाजत होते. दोन्हीकडची माणसं माझ्याकडे हात करून ओरडत होती, "मशीन आमची हाये! पहिले आमचा हार!"

पुढाऱ्याच्या गळ्यात माणसाएवढे हार घालायचे दिवस गेले. आता हार घराएवढा लागतो. तो हाताने उचलवत नाही, म्हणून जेसीबी बोलावतात. जेसीबी म्हणजे ते पिवळं खोदणारं यंत्र. मेक कुठलाही असो, लोक जेसीबीच म्हणतात. हार बकेटच्या दातांना अडकवायचा, उंच न्यायचा, खाली पुढाऱ्याने उघड्या जीपमध्ये हात जोडून उभं राहायचं, आणि मी हळूहळू हार त्याच्यावर उतरवायचा. ऐकायला सोपं आहे. पण बकेटच्या खाली काय आहे ते ऑपरेटरला नीट दिसत नाही. त्यासाठी खाली एक माणूस हाताने खुणा करत उभा असतो. त्याला आम्ही 'साइड देणारा' म्हणतो. साइड देणारा चुकला की हार पुढाऱ्याच्या पीएच्या गळ्यात पडतो.

माझं शिक्षण आठवी, तेही पूर्ण नाही. आमच्या गावाकडचा एकजण भंडाऱ्यात नळयोजनेच्या कामावर होता, त्याच्या ओळखीने मी पवनी तालुक्यात आलो. पाइप टाकायला चर खणायचं काम. मालकाने मशीनची चावी देताना एकच गोष्ट सांगितली होती, "दत्ता, खड्डा वाकडा झाला तं चालते. पण मशीन जप्त झाली तं तू आपल्या गावची गाडी पकड." नवीन मुलूख, भाषा अर्धी कळायची. मी त्या वाक्याला इतका भ्यायचो की पोलिसाची मोटारसायकल लांबून दिसली तरी इंजिन बंद करायचो.

तर प्रचाराचा शेवटचा दिवस. दिवाळी होऊन गावोगाव मंडया चालू होत्या. मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा. लेकीबाळी माहेरी येतात, पाव्हणे येतात, दंडारीचे नाच-नाटकाचे खेळ होतात. म्हणजे मतदार सगळे गावात आणि खुशीत. उमेदवाराला आणखी काय पाहिजे?

आमदारांना सगळे 'भाऊ' म्हणतात. भाऊंची कथा मला रोज कोणी ना कोणी सांगायचं. ते मुळात माझ्याच धंद्यातले. तरुणपणी तलाव खोल करायच्या मशीनवर ऑपरेटर होते. मग ठेकेदार झाले, मग जिल्हा परिषदेत गेले. आमदारकीला पहिल्यांदा पडले आणि नंतर लागोपाठ दोनदा निवडून आले. दोन्ही वेळा शेवटच्या दिवशी याच चौकात मशीनने हार घातला होता, म्हणून यंदाही हार इथेच आणि मशीननेच पाहिजे होता. मालकाने सकाळची वेळ दिली.

मालकाचा साळा मात्र विरोधी पार्टीत. त्यांचे उमेदवार रिटायर शिक्षक. त्यांना 'गुरुजी' म्हणतात. साळ्याने मालकाला न विचारता तीच मशीन गुरुजींना दुपारची देऊन टाकली. हिशोब बरोबर होता. सकाळी भाऊ, दुपारी गुरुजी. चूक एकच झाली. भाऊ आयुष्यात कुठे वेळेवर पोचले नव्हते आणि गुरुजी आयुष्यात कुठे उशिरा पोचले नव्हते. भाऊ दुपारी आले. गुरुजी दुपार व्हायच्या आधीच हजर.

हार दोन्ही देवांगणाबाईनेच केलेले. भाऊंचा झेंडूचा. गुरुजींकडे मोठ्या हाराचं बजेट नव्हतं, म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, धानाच्या लोंब्या आणून दिल्या होत्या. तिने त्यांचा सोनेरी हार गुंफला होता. खरं सांगतो, तोच जास्त देखणा होता.

मी मालकाला फोन लावला. बंद. साळ्याला लावला. तोही बंद.

"काहून भेऊन राहिला रे पोट्ट्या?" देवांगणाबाई खालून म्हणाली. साठीची बाई, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, कमरेला पदर खोचलेला.

"बाई, मशीन एक, पुढारी दोन. एकाला घातला की दुसरा मला मारणार."

"तुया मशीनले हात किती हायेत?"

"दोन. पुढचा आणि मागचा."

"मंग? एकेकाले एकेक दे."

मला हे सुचलंच नव्हतं. मी मशीन चौकात आडवी लावली, मागचे जॅक टेकवले. झेंडूचा हार मागच्या लांब हाताला, भाऊंच्या बाजूला. धानाचा हार पुढच्या बकेटला, गुरुजींच्या बाजूला. पण दोन्ही हात एकाच वेळी चालत नाहीत. मागचा हात चालवायचा तर सीट फिरवून मागे तोंड करून बसावं लागतं. त्यामुळे आधी कोण, हा प्रश्न उरलाच. त्यावरूनच ती बोंबाबोंब चालली होती.

देवांगणाबाई दोन्ही गर्दींच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "झेंडू उन्हात सुकून राहिला. धान काही सुकत नाही. जो सुकते तो पहिले. आन गुरुजी, शेवटचा मान मोठा असते. लग्नात नवरदेव सगळ्याच्या शेवटी येते का नाही?"

भाऊंचे लोक खूश, कारण पहिला नंबर. गुरुजींचे लोक खूश, कारण नवरदेव. मी सीट फिरवली. लिव्हरला हात घातला. आणि तेवढ्यात पांढरी जीप आली.

भरारी पथक. म्हणजे निवडणुकीत कोण किती खर्च करतो हे बघत फिरणारी सरकारी गाडी. त्यात एक अधिकारी, एक पोलीस आणि एक व्हिडिओ कॅमेरावाला. प्रचारातल्या प्रत्येक गाडीला परवानगी लागते आणि तो कागद काचेवर चिकटवावा लागतो. माझ्या काचेवर लिंबू-मिरची होती.

अधिकारी उतरले. "हे मशीन कोणत्या उमेदवाराचं?"

आतापर्यंत 'आमची, आमची' ओरडणारा चौक एका क्षणात गप्प झाला. दोन्ही डीजेसुद्धा बंद पडले.

"आमचं नाही," भाऊंचा पीए म्हणाला.

"आमचा तर साधा पायी प्रचार आहे," गुरुजींचा माणूस म्हणाला.

"आणि हे हार?"

सगळे हारांकडे असे बघायला लागले की जणू ते आत्ताच आभाळातून लोंबायला लागले.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव काय? कुठले?"

"दत्ता. सांगोला, सोलापूर जिल्हा."

"इतक्या लांबून प्रचाराला आणलं?" त्यांनी पोलिसाकडे वळून सांगितलं, "मशीन ताब्यात घ्या. निकाल लागेपर्यंत ठाण्यात राहू द्या."

मालकाचं ते वाक्य कानात वाजलं. मी मनात पिशवी भरायलाही घेतली होती.

"ओ साहेब," देवांगणाबाई पुढे आली. "कायले गरिबाची मशीन नेऊन राहिले? याचा बड्डे हाये आज."

"कोणाचा?"

"या पोट्ट्याचा. परमुलखातलं लेकरू, इथे कोणी नाही त्याले. गावात पाइप टाकून देते. म्हणून म्या हार केले. दोन्ही माहेच हायेत."

हल्ली कोणाच्याही वाढदिवसाला जेसीबीने हार घालतात, फुलं उधळतात. त्यामुळे अधिकाऱ्यांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी हात पुढे केला. "आधार कार्ड."

झालं. कार्डावर जन्मतारीख एक जून. आम्ही उभे नोव्हेंबरात.

"एक जून?" अधिकारी म्हणाले. चौकातल्या शेळीनेसुद्धा चघळायचं थांबवलं असं मला वाटलं.

तेव्हा गुरुजी पुढे आले. आवाज वर्गातला. "साहेब, त्या तारखेवर जाऊ नका. पूर्वी शाळेत नाव घालताना पोराची तारीख बापाला माहीत नसली की मास्तर एक जून लिहून मोकळे. अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय. या तालुक्यातले पुष्कळ मीच जन्माला घातलेत, रजिस्टरात."

गर्दीतून दहा-बारा हात वर झाले. "गुरुजी, माहाबी एक जूनच हाये!"

अधिकाऱ्यांनी कार्ड परत केलं. मग हळूच म्हणाले, "माझाही." पण माणूस कामात पक्का होता. "खरी तारीख आईला माहीत असेल. लाव फोन. स्पीकरवर."

मी फोन लावला. आईला काही शिकवून ठेवायची सोय नव्हती. समोर कॅमेरा चालू.

"आरं दत्ता? जेवलास का?"

"आई, माझा वाढदिवस कधी असतो गं?"

"आँ? आज काय निघालं मधीच?"

"सरकारनं विचारलंय."

"सरकारला काय करायचंय त्याच्याशी!" चौक हसला. मग आई म्हणाली, "तारीख कुणी लिवलीय? तुळशीचं लगीन झालं आन तू झालास बघ. दोन दिस म्हण, चार दिस म्हण. म्हंजी ह्येच दिस की रं. कोण हाय का तिथं तुला गोडधोड घालाय?"

इतकी वर्षं मी एक जूनलाच जन्मलो असं समजून चाललो होतो, आणि एक जूनलाही कोणी काही केलं नव्हतं. देवांगणाबाईने थाप मारली होती, आणि ती निम्मी खरी निघाली.

"हावो बाई, आमी हावोत," तिने माझ्या हातातल्या फोनकडे तोंड करून सांगितलं.

अधिकाऱ्यांनी जप्तीसाठी काढलेला कागद मिटला. "ठीक आहे. वाढदिवस असेल तर हार घाला. आमच्यासमोर."

आता पंचाईत. मी खाली उभा राहिलो तर मशीन कोण चालवणार? एवढ्यात भाऊ जीपमधून उतरले. कॅमेरा दिसला की भाऊंना राहवत नाही. "सरक लेका. म्या अशा मशीनवर जिंदगी काढली." आणि आमदार माझ्या केबिनमध्ये चढले.

मी मशीनच्या मागच्या हाताखाली उभा राहिलो. गुरुजी शुभेच्छा द्यायला आले आणि फोटोसाठी माझा हात धरून ठेवला. साइड द्यायला देवांगणाबाई. "येऊ द्या भाऊ... येऊ द्या... जरा डावीकडे... अजून जरासा... हां, सोडा!"

भाऊंचा हात अजून चांगला होता. झटका नाही, धक्का नाही. झेंडूचा तो अख्खा हार अलगद उतरला. निम्मा माझ्यावर आणि निम्मा गुरुजींच्या गळ्यात.

अधिकारीसुद्धा हसले. दोन्ही पार्ट्यांच्या डीजेंनी पहिल्यांदाच एक गाणं वाजवलं, 'बड्डे'चं. पांढरी जीप निघून गेली. धानाचा हार देवांगणाबाईने समाजमंदिराच्या दारावर चिमण्यांसाठी टांगला. तिचं नुकसान झालं नाही. पुढाऱ्याचा हार ती पैसे हातात आल्याशिवाय ओवत नाही.

संध्याकाळपर्यंत फोटो प्रत्येक मोबाइलवर गेला. खाली हार घातलेले गुरुजी, वर लिव्हर धरून हसणारे भाऊ. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आमदारांनी आपल्या हाताने निकाल लावला.'

निकाल तसाच लागला. गुरुजी थोडक्या मतांनी निवडून आले. हारामुळे आले असं मी म्हणणार नाही, पण कोंढ्यात तसंच म्हणतात.

काही दिवसांनी भाऊ आमच्या चराजवळ थांबले. मी इंजिन बंद करून खाली उतरलो. म्हटलं, आता माझं काही खरं नाही. ते मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मशीन मस्त हाये. साइड देणारी बदल." आणि हसत निघून गेले.

मालकाने काचेवर परवानगीचा कागद लावायची चौकट बसवून घेतली आहे. साळ्याचा फोन मात्र अजून मधूनमधून बंद असतो. मी शिकलो ते एवढंच, की वर बसलेल्याला खाली कोण उभा आहे ते दिसत नाही. म्हणून लिव्हर धरण्याआधी साइड कोण देतंय ते बघून घ्यावं.

देवांगणाबाईला मी एकदा विचारलंच, "बाई, मुद्दाम केलं का?"

"हारच मोठा व्हता बाप्पा, मी का करू?" ती म्हणाली आणि खर्रा थुंकायला वळली.

हल्ली मी कधी आईला फोन केला की ती आधी विचारते, "ती बाई बरी हाय का?" बरी आहे. गावातल्या बाया तिला ग्रामपंचायतीला उभी राहा म्हणतात, ती नाही म्हणते. पण कधी ना कधी ती उभी राहील. त्या दिवशी मी कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही चरात असलो तरी मशीन घेऊन कोंढ्याला येईन. काचेवर परवानगीचा कागद असेल. हार झेंडूचा आणि धानाचा एकत्र असेल. लिव्हर मी दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही, आणि त्या दिवशी हार निम्मासुद्धा दुसऱ्याच्या गळ्यात जाऊ देणार नाही.