उसाच्या रसाचा एक घोट

संशय हा माझा जुना रोग. देवळीच्या कचेरीत उभी हयात कारकुनी केली, तीही समोरचा माणूस खोटंच बोलतो हे धरून. देवाच्या बाबतीतही तेच. बायकोनं चतुर्थी धरायची आणि मी कपाळाला आठ्या घालायच्या. मुलीनं हौसेनं आम्हा दोघांना बँकॉकच्या सहलीला धाडलं, तर निघण्याआधी आठवडाभर मी मोबाइलवर फसवणुकीचेच व्हिडिओ पाहत बसलो. अनोळखी लोक गोड बोलून गुंगीचं पाजतात, हे डोक्यात पक्कं बसलं. तिथलं सिमकार्डसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, त्यातही काही लफडं असेल.

तिसऱ्या दिवशी नेमकी संकष्टी आली. उपासाच्या दिवशी बायको साखरेच्या आजाराची गोळी घेत नाही, डॉक्टरांनीच तसं सांगितलं आहे. पण सहलीत गोळ्या माझ्या ताब्यात. सकाळच्या घाईत मी नेहमीसारखी गोळी तिच्या हातावर ठेवली आणि तिनंही बोलता बोलता गिळली. वर उपासाचे शेंगदाण्याचे लाडू हॉटेलच्या खोलीतच राहिले. नदीकाठच्या एका उंच देवळाच्या पायऱ्या उतरताना ती एकदम खाली बसली. गाइड बाकीच्यांना घेऊन केव्हाच बाजारात शिरला होता.

"काऊन बसली? चाल ना," मी म्हटलं.

"मले गरगरून राह्यलं जी. डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली."

अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. तेव्हा कुठं मला सकाळची ती गोळी आठवली. तिला ताबडतोब काहीतरी गोड द्यायला हवं होतं, आणि माझ्यापाशी साधी साखरही नव्हती.

देवळाच्या दारात कमळाच्या कळ्या विकणारी एक बाई मघापासून आमच्याकडे टक लावून पाहत होती. मी खांद्यावरची पिशवी छातीशी ओढली. ती उठून आलीच. हातात उसाच्या रसाची बाटली, आणि झाकण आधीच उघडलेलं! मी तिचा हात झटकला. ती पुन्हा पुढं आली. मी खुणेनं सांगितलं, आधी तू पी. तिला रागही आला नाही. बाटली तोंडाला लावून तिनं दोन घोट घेतले आणि हसत माझ्या हातात दिली.

मी बाटली बायकोच्या ओठांशी नेली, तर तिनं तोंड फिरवलं. "उष्टं हाये ते. आज चतुर्थी हाये."

घ्या! माझ्याच शहाणपणानं रस उष्टा झाला होता. "इथं जीव चालला अन् तुले उष्ट्याचं पडलं?" मी ओरडलो. तिचा हट्ट सुटेना, शब्द मात्र अडखळायला लागले. त्या बाईला वाटलं, माझा संशय अजून फिटला नाही. बिचारीनं आणखी एक घोट घेऊन दाखवला.

माझी बायको जगात एकाच माणसाचं उष्टं खाते, माझं. ते उपासाला कसं चालतं, हे शास्त्र मी कधी विचारलं नाही. मी बाटलीचा वास घेऊन पाहिला. यात काही असलं तर परक्या मुलखात दोघंही आडवी होऊ, कुणाला पत्ता लागायचा नाही. पण पायरीवर ती एका बाजूला कलत चालली होती. "गणराया, आता तूच पाह्य," म्हणालो आणि मोठा घोट घेतला.

"आता हे माह्यं उष्टं हाये. पी."

तिनं डोळे मिटून बाटली रिकामी केली. बाई शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. थोड्या वेळानं हिच्या चेहऱ्यावर रंग आला, तशी ती उठून आपल्या गिऱ्हाइकांकडे गेली. मी हात जोडले, तिनंही जोडले. तिचं नाव विचारायला भाषाच नव्हती.

ही म्हणते, गणपतीच त्या रूपानं आला. असेल, नसेल, मी आता वाद घालत नाही. मी त्या बाईचा ऋणी आहे, एवढं खरं. विश्वास बसल्यावर देवावर भार टाकायचा, असंच मी समजत होतो. पण त्या दिवशी विश्वास नव्हताच. भीती तशीच असताना मी तो रस गिळला, आणि जन्मभरात मी देवावर कधी भार टाकला असेल, तर तो तेवढाच.