धामापूरचा तरवा आणि तांब्याचं घंगाळ

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. एनएमआर यंत्रावर माझी पाळी चार महिन्यांनी लागली होती, तीही एकच दिवस. हे यंत्र जिवंत मूळ चुंबकात ठेवून आतल्या अणूंची खबर आलेखावर काढतं. स्वच्छ पाण्यातल्या भाताच्या रोपांना कॅडमियम हा विषारी धातू पाजायचा आणि तो मुळात कुठे अडकतो ते बघायचं, असा माझा बेत. स्वच्छ पाण्यासाठी माझ्या गाइड सरांनी धामापूर सुचवलं. ‘तेवढीच सहल होईल,’ म्हणाले. सहल कसली!

मुंबईहून रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून कणकवलीला उतरलो. तुम्ही जाणार असाल तर डेपोतच पोटभर खाऊन घ्या, पुढच्या गाडीचा भरवसा नसतो; मी तीन तास ताटकळलो. धामापूरला तळं सुंदर होतं म्हणे. मी तळ्याखालच्या वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेतात गुडघाभर चिखलात होतो. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी, इथल्या स्वच्छ पाण्यासाठी आलोय हे ऐकून, लावणीतून उरलेली तरव्याची, म्हणजे रोपांची, शेवटची जुडी दिली. ती प्लास्टिकच्या बादलीत ठेवली आणि कुळथाची पिठी-भात जेवून आडवा झालो.

सकाळी बादली रिकामी! रोपं ओसरीवर, चिंचेने घासलेल्या लखलखीत तांब्याच्या घंगाळात.

‘‘प्लास्टिकात घुसमाटली असती रे झिला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तांब्यातला पाणी शुद्ध. रातीच काढून ठेवलंय.’’

मुळांनी रात्रभर तांबं प्यायलं होतं आणि तांबं असलं की आलेखावरची शिखरं विरून जातात. लावलेली रोपं उपटून मागितली असती, तर काकूंनी ती दिली असती. पण कारण सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगतो, पुन्हा चिखलात उतरायचं त्राणही नव्हतं. एसटी आली. मी तीच जुडी घेऊन बसलो.

व्हायचं तेच झालं. टोकदार शिखरांच्या जागी एक पसरट टेकाड. सरांनी आलेख बघून, घंगाळाची हकीकत ऐकून विचारलं, ‘‘त्या काकूंना कळवलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘नको कळवूस,’’ म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पुढली पाळी मिळायला वर्ष गेलं. फार चिडचिड झाली त्या वर्षात, काकूंवरही. मग त्यांचं कार्ड आलं. ‘आमच्या पाण्याचे काय कळले? घरात सगळे विचारतात.’

मी लिहिलं, ‘पाणी अगदी निर्मळ आहे.’

माझ्या सगळ्या संशोधनात न मोजता लिहिलेलं ते एवढं एकच वाक्य.