अर्धे उरलेले जिवंत दगड

कँटीनमधली माणसं ताटं उचलून बाहेर उन्हात जाऊन जेवायला लागली, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सलीम, त्या ड्रममध्ये दगड आहेत की मेलेली म्हैस?"

"दगडच आहेत, साहेब."

"मग दगडाला वास कसा येतो?"

उत्तर मला माहीत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. चूक माझी होती.

शहरात, शहागंजात माझं शोभेच्या माशांचं छोटं दुकान होतं. शहराबाहेर वाळूजला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येक मालकाला रिसेप्शनमध्ये फिशटँक हवा असे. टाकी बसवायची, महिन्यातून दोनदा साफ करायची, हा माझा धंदा. हे साहेब स्कूटरचे पार्ट बनवायचे. परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी समुद्राच्या पाण्याचा टँक पाहिला आणि तसाच हवा म्हणाले. जानेवारीच्या शेवटी त्यांच्याकडे परदेशी पाहुणे येणार होते.

"जमेल?" त्यांनी विचारलं.

"जमेल," मी म्हणालो. खाऱ्या पाण्याचा टँक मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

घरी भाईजान, म्हणजे माझे थोरले भाऊ, गाद्यांचं दुकान चालवत. माशांच्या धंद्याला ते धंदा मानायलाच तयार नव्हते. म्हणाले, "देख सलीम, ये आखरी. टँक जम्या तो तू जीत्या. नहीं जम्या तो ईद के बाद मेरे संग गाद्याँ भरने बैठ." घरात भाईजानचा शब्द शेवटचा. आणि मला कापसाची ॲलर्जी. दुकानात पाऊल टाकलं की शिंका सुरू.

आता दगडांचं सांगतो. मासे ज्या पाण्यात राहतात त्याच पाण्यात सगळं उरकतात. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष. समुद्रातल्या सच्छिद्र दगडांत बारीक जिवाणू राहतात, ते हा अमोनिया खाऊन टाकतात. म्हणून त्याला लाइव्ह रॉक, जिवंत दगड म्हणतात. थोडक्यात, टँकचा सफाई विभाग. पण तो ओला ठेवावा लागतो. वाळला की आतलं सगळं मरतं आणि मग पाण्यात टाकलं की तेच सडतं.

साहेबांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून बावीस दगड सेकंडहँड उचलले होते. ते वर्षभर गोणपाटात पडून होते. माल उतरवताना मेंटेनन्सचे फोरमन कचरूमामा हजर होते. मामा गंगापूरकडचे, भाऊबंद अजून मेंढरं राखणारे. त्यांनी चलन वाचलं, एक दगड उचलून हुंगला.

"सलीमभाई, जित्ते म्हनून लिवलंय. हे तर कवाच मेलेत."

मी हसलो. मामांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. मी मात्र ते दगड न धुता तसेच कंपनीच्या ट्रकमधून आणवलेल्या समुद्राच्या पाण्यात बुडवले, वर झाकण लावलं, आणि ड्रम ठेवले ते नेमके कँटीनच्या भिंतीला लागून. आठवड्यात वास शेडभर पसरला.

"शनिवारपर्यंत वास गेला पाहिजे," साहेब त्या दिवशी केबिनमध्ये म्हणाले, "नाहीतर दगड आणि तुम्ही, दोघंही गेटबाहेर."

मी दगड बाहेर काढले, उन्हात मांडले आणि मामांना म्हणालो, "मामा, एवढे साफ करून ठेवा. वास राहायला नको. मी उद्या येतो."

पण उद्या मी आलोच नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते ते दिवस. शहर बंद होतं, गाड्या बंद होत्या. तिसऱ्या दिवशी वाळूजला पोचलो तर दगड पांढरेशुभ्र, ओळीनं मांडलेले, आणि आकारानं निम्मे.

"मामा, बाकीचे दगड कुठायत?"

"हेच की. बावीस मोजून घ्या."

"हे एवढे लहान नव्हते!"

"पिकलिंगला टाकले व्हते ना," मामा अभिमानानं म्हणाले. "लई फसफसलं बगा! आमी म्हनलं, मळ निघतोय. जितकं फसफसलं तितकं ठिवलं."

पिकलिंग म्हणजे प्लेटिंगच्या, धातूचा मुलामा चढवण्याच्या, आधी लोखंडावरचा गंज काढायला ते ॲसिडमध्ये बुडवतात, ते. त्या कारखान्यात 'साफ' या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता. आणि हा दगड म्हणजे जवळजवळ चुना. मळ नव्हे, दगडच विरघळत होता. मी तिथंच एका उलट्या क्रेटवर बसलो. मला नाकात कापूस जाणवायला लागला.

मामांचा चेहरा उतरला. "चुकलं का काय? वास तर नाय आता."

लॅबमधले केमिस्ट गायकवाड तेवढ्यात आले. त्यांनी एक दगड फोडून पाहिला.

"मामा, ॲसिड कोणतं वापरलं? टाकीतलं जुनं?"

"छ्या! जुन्यात लोखंडाचा गाळ किती. सायबांचे दगड म्हनून नवा कॅन फोडला."

"मग वाचलात दोघंही," गायकवाड म्हणाले. "जुन्यातलं लोखंड, जस्त छिद्रांत बसलं असतं तर मासे मेले असते. सडणारं सगळं वरच्या थरात होतं. तो थर मामांच्या ॲसिडनं खाऊन टाकला. सोड्याच्या पाण्यात धुवा, मग साध्या पाण्यात चार-पाच दिवस."

दगड स्वच्छ झाले, पण मेलेलेच. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून नारळाएवढा खरा जिवंत दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी एसटीनं मांडीवर आणला. तो या बावीसांत ठेवला की जिवाणू हळूहळू पसरतात. मात्र त्यांना खायला अमोनिया लागतो. तो तयार व्हावा म्हणून मी शहागंजातून सुके बोंबील आणून त्यांचे तुकडे पाण्यात टाकले.

मामा बघतच राहिले. "दोन दिस खपून वास काढला आन् तुमी बोंबील टाकता व्हय?"

"दोनच तुकडे, मामा."

"मग आदीचा वास काय वाईट व्हता?" मामा म्हणाले, आणि मी उरलेल्या बोंबलांची पुडी खिशात टाकली.

अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. शून्यावर आला की मासे सोडायचे. गायकवाड लॅबमध्ये पाणी तपासून देत. मी रोज दारात उभा. दुसरा महिना लागला तरी आकडा शून्य होईना. एकदा मी वैतागून म्हणालो, "गायकवाडसाहेब, पाहुणे तोंडावर आलेत. अजून किती थांबायचं?"

त्यांनी टेस्ट ट्यूब खाली ठेवली. "सलीम, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागावं म्हणून आम्ही किती वर्षं थांबलोय, माहितेय ना? लोकांची घरं जळली त्यात. तू एका दगडासाठी दोन महिने थांब."

मी मान खाली घातली. पुन्हा घाई केली नाही.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो तर गायकवाड पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे. डोळे लाल, रात्रभर झोपलेले नसावेत. त्यांच्यासाठी मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली.

"रीडिंग?" मी विचारलं.

"आधी पेढा खा." मी खाल्ला. "शून्य," ते म्हणाले.

पाहुणे आले तेव्हा टँकमध्ये केशरी पट्ट्यांचे सहा मासे मजेत हिंडत होते. पाहुण्यांतले ज्येष्ठ गृहस्थ माशांकडे न बघता दगडांकडेच वाकून बघत राहिले. इतका स्वच्छ दगड त्यांनी पाहिला नव्हता म्हणे.

"आमच्याच पिकलिंग प्लांटमध्ये साफ केलाय," साहेब ऐटीत म्हणाले.

पाहुण्यांनी प्लांट बघायची इच्छा दाखवली आणि कचरूमामांनी त्यांना तो तासभर दाखवला, मराठीतून. मागं उभं राहून मी सगळं ऐकलं. त्यात माझं नाव एकदाही आलं नाही.

साहेबांनी मला टँकचं वर्षाचं काम दिलं. ईदनंतर भाईजान स्वतः वाळूजला येऊन टँकसमोर उभे राहिले. काचेवर बोट टेकवून सहाही मासे मोजले. मग म्हणाले, "दुकान में भी एक लगा दे. गिऱ्हाईक बैठेगा."

तो टँक मी लावला, शिंका देत देत. आणि त्याचे दगड मी स्वतः घासले. कारखान्याच्या माणसाला 'साफ करा' एवढंच सांगू नये, कशानं ते सांगावं, हे मला कळलं होतं.